ॲडिराँडॅक खुर्ची

ॲडिराँडॅक खुर्ची ही अंगण, ओसरी, बाग किंवा तळ्याकाठी उघड्यावर ठेवण्यासाठी बनवली जाणारी लाकडी आरामखुर्ची आहे. मागे उतरती बैठक, कललेली पंखाकार पाठ, पेला किंवा पुस्तक ठेवता येईल असे रुंद व सपाट हात आणि पुढच्या बाजूपासून निघून थेट जमिनीवर टेकणाऱ्या तिरप्या बाजूफळ्या ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. या खुर्चीला स्वतंत्र मागचे पाय नसतात. बाजूफळ्यांची मागची टोकेच पायांचे काम करतात. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील ॲडिराँडॅक पर्वतप्रदेशावरून तिला हे नाव मिळाले. कॅनडात, विशेषतः ऑन्टॅरिओ प्रांतात, ती मस्कोका खुर्ची या नावाने ओळखली जाते.

गादी, वेत, स्प्रिंगा किंवा अवघड सांधे यांपैकी कशाचीही गरज नसल्यामुळे सुतारकाम नव्याने शिकणाऱ्यांमध्ये ही खुर्ची घरी बनवण्याचा प्रघात अमेरिका व कॅनडात मोठ्या प्रमाणावर आहे. तिच्या सर्व भागांच्या कडा सरळ किंवा साध्या वळणाच्या असतात आणि बहुतेक जोडणी स्क्रू व बोल्ट यांनी होते.

इतिहास

१९०३ साली टॉमस ली हे गृहस्थ न्यूयॉर्क राज्यातील शॅम्प्लेन सरोवराच्या काठी असलेल्या वेस्टपोर्ट या गावी उन्हाळी मुक्कामास होते. घराबाहेर बसण्यासाठी पुरेशा खुर्च्या नसल्याने त्यांनी साध्या फळ्यांपासून खुर्चीचे निरनिराळे नमुने तयार केले. प्रत्येक नमुन्यावर घरातील माणसांना बसवून कोणता सर्वांत सुखकर आहे हे ते विचारून घेत, असे सांगितले जाते. यातून जी खुर्ची ठरली ती अकरा फळ्यांची होती. तिची पाठ व बैठक रुंद फळ्यांची असून हात चांगलेच पसरट होते.

वेस्टपोर्टमध्येच हॅरी बनेल नावाचा सुतार ली यांच्या परिचयाचा होता. हिवाळ्यात पाहुण्यांची वर्दळ थांबली की त्या भागातील कारागिरांना काम मिळत नसे. बनेल यांना हिवाळ्यात उत्पन्नाचे साधन मिळावे म्हणून ली यांनी आपला नमुना त्यांच्या हाती दिला. खुर्चीला चांगली मागणी आहे हे लक्षात येताच बनेल यांनी १९०४ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १८ जुलै १९०५ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट क्रमांक ७,९४,७७७ मिळाले. हा अर्ज ली यांची परवानगी न घेता केला होता, असे बहुतेक वृत्तान्तांत नमूद आहे. पुढे सुमारे दोन दशके बनेल या खुर्च्या तयार करून विकत राहिले. ली यांनी त्याबद्दल दाद मागितल्याची नोंद आढळत नाही. मूळ कल्पक एक आणि कागदोपत्री संशोधक दुसरा, असा हा प्रकार आहे. पेटंट हे कल्पनेच्या जन्माचे नव्हे, तर नोंदणीचे प्रमाणपत्र असते हे शिकवण्यासाठी याहून सुटसुटीत उदाहरण सापडणे कठीण.

पेटंटाच्या मसुद्यात या खुर्चीचे वर्णन 'बंगलो' पद्धतीची, ओसरी, हिरवळ व छावणीत वापरण्याजोगी आणि रुग्णांच्या खुर्चीत रूपांतर करता येण्याजोगी खुर्ची असे केलेले आहे. यातील बंगलो हा शब्द भारतातील 'बंगला' या शब्दापासून इंग्रजीत गेला असून, प्रशस्त ओसरी असलेल्या बैठ्या घरासाठी तो तेव्हा अमेरिकेत रूढ होत होता.

रुग्णांचा उल्लेखही सहज आलेला नाही. ॲडिराँडॅक प्रदेशातील सॅरॅनॅक लेक येथे डॉ. एडवर्ड लिव्हिंग्स्टन ट्रूडो यांनी १८८०च्या दशकात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले होते. क्षयावर औषध नसण्याच्या त्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार हाच उपचार मानला जाई. रुग्ण कडाक्याच्या थंडीतही घोंगड्या पांघरून उघड्या सज्जांत तासन्‌तास पडून राहत आणि त्यासाठी खास कललेल्या खुर्च्या वापरल्या जात. अशा प्रदेशात आरामखुर्चीच्या विक्रेत्याने रुग्ण डोळ्यांसमोर ठेवले यात नवल नाही. त्याच विचारातून महाराष्ट्रात पाचगणी आणि मिरजेजवळील वानलेसवाडी येथे क्षयरोग्यांची आरोग्यधामे उभी राहिली होती.

बनेल यांची खुर्ची आज 'वेस्टपोर्ट खुर्ची' या नावाने वेगळी ओळखली जाते. तिची पाठ रुंद फळीची होती. आज सर्वत्र दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची पाठ नंतर आली. न्यूजर्सी राज्यातील अर्विंग वोल्पिन यांना १९३८ साली अशा पट्ट्यांच्या, वरून गोलाई दिलेल्या खुर्चीच्या आराखड्याचे पेटंट मिळाले आणि हेच रूप पुढे ॲडिराँडॅक खुर्ची म्हणून स्थिरावले. हा बदल केवळ शोभेचा नव्हता. गाठी नसलेली रुंद फळी महाग पडते, ती ऊनपावसात वाकते आणि तिच्यावर पाणी साचते. अरुंद पट्ट्या स्वस्त मिळतात व त्यांच्यामधील फटींतून पाणी निथळून जाते. दोन्ही पेटंटांची मुदत केव्हाच संपली असल्यामुळे ही खुर्ची बनवण्यास आज कोणालाही मुभा आहे.

रचनेमागील विचार

बैठक मागे उतरती असल्यामुळे बसणाऱ्याचे शरीर पाठीकडे आपोआप सरकते आणि भार मांड्या, कंबर व पाठ यांत वाटला जातो. त्यामुळे गादीशिवायही दीर्घकाळ बसता येते. डोंगरउतारावर साधी खुर्ची पुढे कलंडते. ॲडिराँडॅक खुर्चीचा तोल मात्र मागे व खाली असल्याने ती स्थिर राहते. लांब बाजूफळी मागे दूरवर टेकत असल्याने ती मागेही उलटत नाही.

या रचनेची एक उणीव आहे आणि ती बनवण्यापूर्वीच विचारात घ्यावी लागते. बैठक खोल व खालच्या पातळीवर असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांना, वृद्धांना आणि गरोदर स्त्रियांना तिच्यातून उठणे जड जाते. रुंद हातांचा आधार घेऊनच उठावे लागते, म्हणून हात मजबूत असणे ही येथे चैन नसून गरज आहे. घरातील ज्येष्ठांसाठी खुर्ची करावयाची असल्यास पुढची उंची १५ ऐवजी १७ ते १८ इंच ठेवून उतार निम्म्यावर आणणे इष्ट. तसे केल्याने मूळ रूप थोडे बदलते, परंतु खुर्ची वापरात राहते. मांडी घालून बसण्यास मात्र ही खुर्ची सोयीची नाही.

भारतातील बंगल्यांच्या ओसरीवर दिसणारी, लांब हातांची व वेताने विणलेल्या बैठकीची आरामखुर्ची हिच्याशी गुणांनी जवळची आहे. परंतु वेत पावसात टिकत नसल्याने ती छपराखालीच ठेवावी लागते.

लाकडाची निवड

बनेल यांच्या काळात हेमलॉक, बासवुड अशी स्थानिक लाकडे वापरली जात व त्यांना हिरवा किंवा गडद तपकिरी रंग दिला जाई. उत्तर अमेरिकेत आज सिडार, पाइन व सायप्रस ही लाकडे प्रचलित आहेत.

महाराष्ट्रात उघड्यावरील कामासाठी सागवान सर्वांत भरवशाचे ठरते. त्यातील नैसर्गिक तेलांमुळे वाळवी व बुरशी यांना ते दाद देत नाही आणि ऋतुबदलात ते फारसे आकसत वा फुगत नाही. हा गुण गाभ्याच्या गडद लाकडाचा आहे. सालीलगतच्या फिकट लाकडात तो नसतो, त्यामुळे 'सागवान' म्हणून घेतलेल्या फळीची फिकट कड लवकर किडते. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर हे सागवानाच्या व्यापाराचे जुने केंद्र आहे. कोकणात फणसाचे जून लाकूड घरकामात वापरले जाते व तेही या खुर्चीस चालते. आंब्याच्या फळ्या स्वस्त असतात, पण त्यांना भुंगा लागतो आणि उघड्यावर त्या दोन-तीन पावसाळ्यांत खचतात. बाभूळ बळकट खरी, परंतु सरळ लांब फळी क्वचितच मिळते आणि स्क्रू बसवताना ती कारागिराची परीक्षा पाहते.

परदेशी मालाबरोबर आलेल्या खोक्यांचे व पॅलेटचे पाइन लाकूड शहरांत स्वस्तात मिळते. अशा लाकडावर आंतरराष्ट्रीय नियमानुसार उमटवलेला शिक्का पाहून घ्यावा. 'एचटी' या इंग्रजी अक्षरांचा अर्थ उष्णतेने निर्जंतुक केलेले, असा होतो. 'एमबी' ही अक्षरे असल्यास लाकडावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, ते टाळावे. जुने रेल्वे स्लीपरही मोह पाडतात, पण त्यांत डांबरापासून काढलेले क्रिओसोट मुरवलेले असते. उन्हात ते पाझरते व त्वचेला अपाय करते. बसण्याच्या वस्तूसाठी हे लाकूड वर्ज्य समजावे. आर्सेनिकयुक्त रसायन मुरवलेले लाकूड घरगुती वापरासाठी पुरवणे अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ अखेर थांबवले, ते अशाच कारणाने.

लाकूड सुकलेले असणे हे जातीइतकेच महत्त्वाचे आहे. ओल्या लाकडाची फळी लांबीत जवळजवळ कमी होत नाही, रुंदीत मात्र आकसते. त्यामुळे आज घट्ट वाटणारा सांधा उन्हाळ्यात सैल होतो. वखारीतून आणलेल्या फळ्या सावलीत, मध्ये चिपा घालून, काही आठवडे रचून ठेवाव्यात.

मापे

पुढील मापे मध्यम उंचीच्या प्रौढ व्यक्तीसाठी आहेत. महाराष्ट्रातील सुतारकामात इंच व सूत ही मापे अद्याप प्रचारात असल्याने तीच दिली आहेत (८ सूत म्हणजे १ इंच, १ सूत म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर). सर्व मापे रंधा मारल्यानंतरची आहेत.

१ इंच जाडीच्या लाकडातून: बाजूफळ्या २, प्रत्येकी ३६ इंच लांब व साडेपाच इंच रुंद, पुढचे पाय २, प्रत्येकी २० इंच लांब व ४ इंच रुंद, हात २, प्रत्येकी ३० इंच लांब व ५ इंच रुंद, पाठीची खालची आडपट्टी १, २० इंच लांब व ३ इंच रुंद, वरची आडपट्टी १, २७ इंच लांब व ३ इंच रुंद, हातांखालचे त्रिकोणी टेकू २, सुमारे ८ इंच उंच.

६ सूत जाडीच्या लाकडातून: बैठकीच्या पट्ट्या ७, प्रत्येकी २२ इंच लांब व अडीच इंच रुंद, पाठीच्या पट्ट्या ७, प्रत्येकी ३३ इंच लांब व अडीच इंच रुंद, पुढची आडफळी १, २२ इंच लांब व ५ इंच रुंद.

तयार लाकूड एक घनफुटाहून किंचित अधिक भरते. करवत, रंधा व तुकडे यांत जाणारी घट धरून दीड घनफूट लाकूड घ्यावे. सागवानाची तयार खुर्ची सुमारे २० किलो वजनाची होते. तिची एकूण रुंदी ३१ इंच, खोली व उंची प्रत्येकी सुमारे ३६ इंच येते.

हत्यारांत करवत, रंधा, पटाशी, गुण्या, कानस, ड्रिल आणि दोन-चार शिकंजे पुरेसे आहेत. गोलाई कापण्यासाठी जिगसॉ असल्यास काम हलके होते. नसल्यास अरुंद पात्याची हातकरवत चालते.

बांधणी

सर्वप्रथम एक बाजूफळी तयार करून तीच दुसरीसाठी नमुना म्हणून वापरावी. दोन बाजूफळ्यांत एका सुताचा फरक राहिला तरी खुर्ची डुगडुगते, आणि हा दोष पुढे कोणत्याही उपायाने पूर्णपणे जात नाही. फळी सपाट जमिनीवर कडेवर उभी धरून तिचा पुढचा वरचा कोपरा जमिनीपासून १६ इंच उंचीवर येईल असा टेकवावा व मागचा खालचा कोपरा जमिनीवर ठेवावा. मग मागच्या टोकावर जमिनीपासून १ इंच उंचीवर जमिनीला समांतर रेघ मारावी. या रेघेवर कापले की मागचे टोक जमिनीवर सपाट बसते आणि पुढची उंची १५ इंच राहते. बैठकीचा उतार अशा रीतीने सुमारे १७ अंशांचा होतो. कोन मोजण्यापेक्षा प्रत्यक्ष जमिनीवर ठेवून रेघ मारण्याची ही जुनी सुतारी रीत अधिक अचूक ठरते.

दोन्ही बाजूफळ्या एकमेकींना समांतर, बाहेरून बाहेर २२ इंच अंतरावर ठेवाव्यात. पुढचे पाय त्यांच्या बाहेरच्या अंगाला लावावेत. पायाची पुढची कड बाजूफळीच्या टोकापेक्षा ६ सूत पुढे ठेवल्यास पुढची आडफळी दोन्ही पायांच्या मध्ये, त्यांच्याशी समपातळीत बसते. पाय व बाजूफळी यांच्या सांध्यावर सर्वाधिक ताण येतो. येथे स्क्रू पुरत नाहीत. प्रत्येक सांध्यात तिरक्या रेषेत दोन कॅरेज बोल्ट घालावेत. या बोल्टाचा माथा गोल असून माथ्याखालची चौकोनी मान लाकडात रुतते, त्यामुळे नट आवळताना बोल्ट फिरत नाही. नटाखाली वायसर हवाच. कसलेले कारागीर येथे खाच पाडून कुसू बसवतात. तो सांधा देखणा दिसतो, पण नवशिक्यासाठी बोल्टच योग्य.

खालची आडपट्टी दोन्ही बाजूफळ्यांच्या आत बसते. बाजूफळीच्या वरच्या कडेवर पुढच्या टोकापासून २० इंचांवर खूण करून तेथे पट्टीचा पुढचा चेहरा यावा. बैठक व पाठ यांच्यातील कोन सुमारे १०३ अंश राहील इतकी ती मागे कललेली असावी, म्हणजे पाठ उभ्या रेषेपासून ३० अंश कलते. कोन याहून कमी ठेवल्यास खुर्ची वर्गातल्या बाकासारखी ताठ होते. फार वाढवल्यास मान अवघडते आणि वाचन करता येत नाही.

त्यानंतर हात बसवावेत. ते पायांच्या माथ्यावर, सव्वा इंच पुढे आणि अर्धा इंच आत येतील असे ठेवून वरून स्क्रूने जोडावेत. मागची टोके २० इंच उंचीच्या तात्पुरत्या आधारावर पेलून धरावीत. दोन्ही हातांच्या मागच्या टोकांना खालून वरची आडपट्टी जोडली की चौकट पूर्ण होते. या पट्टीची पुढची कड आधीच ३० अंशांत रंधून घ्यावी, अन्यथा पाठीच्या पट्ट्या तिच्यावर एकाच रेषेवर टेकतील व स्क्रू आवळताना चिरतील. त्रिकोणी टेकू पायांच्या बाहेरून हाताखाली लावावेत.

बैठकीच्या पट्ट्या पुढून मागे, मध्ये २ सूत फट ठेवून लावाव्यात. सारख्या फटीसाठी त्याच जाडीची चिप मध्ये धरून पट्टी ठोकावी, प्रत्येक वेळी मोजू नये. पहिल्या पट्टीची पुढची वरची कड कानसेने चांगली गोल करावी. ती गुडघ्यामागे रुतते. सात पट्ट्यांनी १९ इंच भरतात आणि शेवटच्या पट्टीमागे २ सुतांची फट व पाठीच्या पट्टीची जाडी यांना जागा उरते.

पाठीची मधली पट्टी प्रथम लावावी. तिचे खालचे टोक बाजूफळीच्या वरच्या कडेपासून सुमारे अडीच इंच खाली उतरते. मग दोन्ही बाजूंना एकेक पट्टी २ सूत फट ठेवून जोडत जावे. सर्व पट्ट्या लागल्यावर माथ्याची गोलाई आखावी. मधल्या पट्टीवर वरच्या टोकापासून १४ इंच खाली एक बारीक खिळा मारून त्याला दोरी बांधावी व दोरीच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल लावून कमान काढावी. कडेच्या पट्ट्या मधल्या पट्टीपेक्षा साडेतीन ते पावणेचार इंचांनी आखूड होतात. शाळेत शिकलेले वर्तुळ प्रत्यक्षात उपयोगी पडण्याचा हा एक क्षण आहे.

प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडणे अनिवार्य आहे, विशेषतः पट्टीच्या टोकाजवळ. न पाडल्यास पट्टी उभी चिरते. स्क्रू व बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साध्या लोखंडाला पावसात गंज चढतो आणि लाकडातील टॅनिनशी संयोग होऊन खिळ्याभोवती काळे डाग पडतात. कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत ३१६ श्रेणीचे स्टील ३०४ श्रेणीपेक्षा अधिक टिकते. सरस वापरायचा असल्यास तो पाण्याने न सुटणारा असावा. बैठक व पाठीच्या पट्ट्यांना मात्र सरस लावू नये. खराब झालेली पट्टी काढून नवी बसवता आली पाहिजे.

काम करताना डोळ्यांवर चष्मा व नाकातोंडावर पट्टी हवी. सागवानाच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठते.

रंगकाम व निगा

सागवानाची खुर्ची कोणताही लेप न देता उघड्यावर ठेवता येते. वर्षभरात तिला चंदेरी करडा रंग येतो. तो रंग म्हणजे लाकूड कुजल्याचे लक्षण नव्हे. सोनेरी छटा टिकवायची असल्यास दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व नंतर तेलाचा हात द्यावा. जवसाचे तेल यासाठी सर्वत्र वापरले जाते. मात्र या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्यास त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात, पण ते त्वचा भाजते. बसण्याच्या खुर्चीला ते लावू नये.

चकचकीत व्हार्निश घरात शोभते, बाहेर टिकत नाही. उन्हाने त्याला बारीक तडे जातात, त्यांतून पाणी शिरते आणि पापुद्र्याखाली लाकूड काळे पडते. पाइनसारख्या हलक्या लाकडाला बाहेरच्या वापराचा अपारदर्शक तेलरंग देणेच योग्य.

पाणी सर्वाधिक शिरते ते फळीच्या कापलेल्या टोकांतून, म्हणून पायांचे व बाजूफळ्यांचे तळ जोडणीनंतर तेलात किंवा रंगात दोन-तीन वेळा भिजवून घ्यावेत. खुर्ची थेट मातीवर न ठेवता फरशीवर किंवा दगडी चिपांवर ठेवल्यास वाळवीपासूनही बचाव होतो. मुसळधार पावसाच्या प्रदेशात जून ते सप्टेंबर ती छपराखाली हलवावी. प्लास्टिकच्या कापडात गुंडाळल्यास आतला ओलावा कोंडून बुरशी चढते. पावसाळा संपल्यावर बोल्टांचे नट एकदा आवळून घ्यावे लागतात.

अन्य प्रकार

दुमडता येणारी, झोपाळ्यासारखी डुलणारी, दोघांना बसता येईल अशी जोडखुर्ची आणि पायांसाठी वेगळा चौरंग असलेली, असे या खुर्चीचे अनेक प्रकार प्रचलित आहेत. पुनर्वापरातील प्लास्टिकपासून बनवलेल्या फळ्यांच्या खुर्च्याही आता सर्रास मिळतात. त्या कुजत नाहीत, परंतु लाकडापेक्षा जड असून कडक उन्हात तापतात. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत निसर्गरम्य जागी लाल रंगाच्या अशा खुर्च्यांच्या जोड्या ठेवलेल्या असतात.